आठातले तीन हिरवे

अब्बांना निळा आणि हिरवा वेगळा दिसत नाही, हे मला ज्या दुपारी कळलं, त्याच दुपारी मी दुकानात सगळ्यांसमोर खोटं बोलले. ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून जे झालं तेवढंच क्रमानं लिहिते.

अब्बा भरतकामाचे मास्टर. दुबईतल्या बर दुबई भागात, मीना बाजारच्या मागच्या गल्लीत शेठच्या दुकानात एकवीस वर्षं त्यांनी एकाच मशीनवर काम केलं. ते मशीन कॉम्प्युटरचं नाही. लाकडी रिंगमध्ये कापड ताणून बसवायचं, पायानं मशीन चालवायचं आणि दोन्ही हातांनी रिंग फिरवत नक्षी काढायची. सुई जागेवरच वरखाली होते, कापड नाचतं. माझ्या लहानपणी गावाला सुट्टीवर आले की अब्बा जेवणाच्या ताटाच्या कडेनं बोटं तशीच गोल फिरवत बसायचे. अम्मी म्हणायची, "मशीन दुबईत ठेवून आलात ना? मग ताटाला सोडा."

मी रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले. मग अम्मी आणि मी अब्बांकडे आलो. इथे बारावी झाली, कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. अब्बा सातवी, अम्मी चौथी. माझ्या कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो अब्बांनी दुकानात मशीनसमोरच्या भिंतीवर चिकटवला होता. मला त्याची लाज वाटायची. गिऱ्हाईक आलं की ते सुई थांबवून बोट दाखवायचे.

दुकानात बहुतेक काम अबायाचं, म्हणजे इथल्या बायका घालतात त्या काळ्या पायघोळ झग्याचं. काळ्या कापडावर काळं रेशीम, नाहीतर सोनेरी, नाहीतर चंदेरी. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं त्यावरून कळेल.

गेल्या थंडीत एक आयरिश बाई दुकानात आल्या. पन्नाशीच्या असतील. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका इमारतीच्या हॉलमध्ये त्या मुलींना आयरिश नाच शिकवायच्या. कुणाच्या तरी अबायावरचं अब्बांचं काम पाहून पत्ता शोधत आल्या होत्या. शेठचं इंग्रजी 'येस मॅडम, नो प्रॉब्लेम मॅडम' एवढंच, म्हणून अब्बांनी मला फोन करून कॉलेजातून बोलावून घेतलं.

मार्चमध्ये त्यांचा मोठा सण असतो. त्या दिवशी आठ मुली नाचणार होत्या आणि आठ जणींचे ड्रेस करायचे होते. कापड बाईंनी गावाहून आणलेलं, सायीच्या रंगाचं, लोकरीचं. त्यावर पुढे, बाह्यांवर आणि घेरावर निळ्या रेशमानं एकात एक गुंतलेल्या गाठींची नक्षी. ती रेघ कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते सापडत नाही. कडेला बारीक पांढरी रेघ. खांद्यावर गोल पिनेनं अडकवलेला, पाठीवर सोडलेला केशरी शेला.

मी विचारलं, "मॅडम, हिरवा नको? आयर्लंड म्हणजे हिरवा ना?"

त्या हसल्या. म्हणाल्या, सगळं जग तेच म्हणतं, विमानतळावर विकायला ठेवलेल्या टोप्यासुद्धा तेच म्हणतात. पण त्यांच्या देशाचा समारंभाचा जुना रंग निळा. हिरवा नंतर आला आणि सगळीकडे पसरला. शिवाय त्यांची आजी हिरव्याला घाबरायची. हिरवे कपडे घातलेल्या पोरांना पऱ्या उचलून नेतात, असं ती मानायची. त्या बाजूच्या बेटांवर बायका मुळांच्या रसात रंगवलेले लाल लोकरी परकर नेसायच्या, आणि मुलगेसुद्धा चांगले मोठे होईपर्यंत परकरातच फिरायचे, म्हणजे पऱ्यांना वाटावं ही मुलगीच आहे.

मी हे अब्बांना सांगितलं तर ते म्हणाले, "आपल्याकडे काजळाच्या एका ठिपक्यात काम होतं. यांना अख्खा परकर शिवावा लागला."

बाईंना ते फार आवडलं. मग त्या येतच राहिल्या. मापं, नमुना, शेल्याचा रंग. तो केशरी आपल्या भगव्यासारखा झगझगीत नव्हता. जुन्या हळदीसारखा, थोडा मळका. एके काळी तिथले पुरुष त्या रंगाचे भरपूर चुण्यांचे, रुंद बाह्यांचे सदरे घालायचे आणि परक्या राजानं त्यावर बंदी घातली होती, हे त्यांनी सांगितलं. आणखी एक सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं होतं. फार जुन्या काळी कुणी किती रंग अंगावर घालायचे ते ठरलेलं होतं म्हणे. गुलामाला एक, शेतकऱ्याला दोन, असं चढत चढत विद्वानाला सहा आणि राजाला सात.

अब्बा मशीनवरून मान न वळवता म्हणाले, "विचार त्यांना, शिंप्याला किती?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, शिंप्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

"बरंय मग, पकडलं जायची भीती नाही." आणि मला म्हणाले, "ऐकलंस ना बाय? शिकलेल्याला सहा. राजापेक्षा एकच कमी. आणि तू रोज तो एक काळा टॉप चढवून जातेस."

ड्रेसचं काम चालू होतं त्या महिन्यात मी संध्याकाळी दुकानातच अभ्यासाला बसायचे. कल्पना अब्बांचीच. घरी एका खोलीत गडबड असते, दुकानात एसी आहे, असं म्हणाले. मी त्यांच्या डाव्या हाताला स्टुलावर बसायचे. मधेच ते म्हणायचे, "बाय, ते निळं रीळ दे." मी द्यायचे. "पांढरं दे." द्यायचे. रिळांचा ट्रे त्यांच्या हाताशी असायचा, तरी मलाच मागायचे. मला वाटायचं, लाड आहेत. मी जवळ बसलेली त्यांना आवडते. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानही वाटायचा.

जानेवारीच्या शेवटी कॉलेजात प्रेझेंटेशन आलं. माझं इंग्रजी इतर मुलींसारखं सराईत नाही, म्हणून मला दुप्पट तयारी लागते. मी चार दिवस संध्याकाळी लायब्ररीत थांबले. दुसऱ्या दिवशी अब्बांचा फोन आला, "आज येशील ना?" मी म्हटलं, "अब्बा, नाही जमणार." तिसऱ्या दिवशी परत आला. "अर्धा तास तरी?" मी जरा चिडूनच बोलले. "रोज काय काम असतं माझं तिथे? तुम्हाला कळत नाही का, मला अभ्यास आहे."

"कळतं, कळतं," ते म्हणाले. "कर तू अभ्यास."

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला नाही.

प्रेझेंटेशन झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाई ड्रेस बघायला येणार होत्या, म्हणून मी कॉलेजातून थेट दुकानात गेले. शेठनं चहा मागवला. अब्बांनी आठही ड्रेस घडी करून ठेवलेले होते. एकेक उलगडून त्यांनी लांब टेबलावर मांडला. पाच निळे होते. तीन हिरवे.

निळ्यात मिसळणारा हिरवा नव्हता तो. सरळ हिरवा, कैरीच्या सालीसारखा. काम मात्र इतकं सुरेख की त्या गाठींवरून नजर घसरत जात होती. पांढरी रेघ कुठेही हललेली नव्हती.

बाई एका हिरव्या ड्रेसजवळ थांबल्या. नुसत्या बघत राहिल्या. शेठला आधी कळलं नाही, मग कळलं. "मास्टर, ये क्या है?"

अब्बा पुढे झाले. त्यांनी पहिला हिरवा ड्रेस उचलला, बाही उलटी करून पाहिली. टाके बोटानं चाचपले. घेर हातात धरून ताणला. मग शेजारचा निळा उचलला, दोन्ही शेजारी धरले. यावरून त्यावर, त्यावरून यावर. मग टेप काढली आणि खांदा मोजला. म्हणाले, "सिलाई तो बराबर है, शेठ. माप भी बराबर है."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते खरोखर शोधत होते. सगळे कशाकडे बघतायत ते त्यांना सापडत नव्हतं. आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, रीळ मागताना बघायचे तसं.

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. स्टूल कशासाठी, एसी कशासाठी, अर्धा तास तरी कशासाठी.

"मॅडम, माझी चूक आहे," मी म्हटलं. "मीच त्यांना सांगितलं काही हिरवे करा म्हणून. मला वाटलं, आयरिश म्हणजे थोडा हिरवा हवा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी किती आवडीनं मला सगळं सांगितलं होतं. मी वहीत लिहून घेत होते ते त्यांनी पाहिलं होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुला तर माहीत होतं. मला वाटलं होतं तुला कळलंय."

मी सॉरी म्हटलं. शेठ अब्बांवर खेकसला, "मास्टर, बच्ची के भरोसे काम करते हो?" अब्बांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली. ते ड्रेस परत घडी करायला लागले. घडी करताना निळे आणि हिरवे मिसळले. मी पुढे होऊन हिरवे तीन बाजूला केले.

ठरलं असं की तीन ड्रेस उसवून परत भरायचे. सण दीड महिन्यावर होता, वेळ होता. रविवारी दुकान बंद असतं. शेठनं चावी दिली आणि आम्ही दोघं सकाळी गेलो.

उसवायचं काम अब्बा बोटांनीच करतात. उलट्या बाजूनं ब्लेडचं टोक घालून टाका तोडायचा आणि सुलट्या बाजूनं चिमटीनं ओढायचा. लोकरीला धक्का लागत नाही. मी काढलेले दोरे गोळा करत होते.  बाहेर गल्लीत कुणीतरी हातगाडीवाल्याला यल्ला यल्ला, म्हणजे चल चल, करून ओरडत होतं.

"तू बाईंना खोटं सांगितलंस," अब्बा म्हणाले.

"हो."

"का?"

मला ते शब्द तोंडातून काढायचे नव्हते. "तुम्हाला दिसत नव्हतं," मी म्हटलं.

त्यांनी आणखी दोन टाके तोडले. "मला वाटलं, कुठेतरी शिलाई सुटली. बाई बघतायत, शेठ बघतोय, आणि मी आपला शिलाई शोधतोय." ते थोडे हसले. "टेप पण काढली मी."

मग त्यांनी सांगितलं. साखरेमुळे डोळ्यांच्या पडद्याला झालंय. दीड वर्षापूर्वी डॉक्टरनं सांगितलं होतं. इंजेक्शनं घेतली, नजर जाणार नाही असं म्हणाले, पण गेलेले रंग परत येतील याची खात्री नाही. निळा आणि हिरवा सारखाच, राखेसारखा दिसतो. पिवळा तर कधी कधी पांढराच वाटतो. अबायाच्या कामात काही अडलं नाही. काळ्यावर काळं काय, डोळे मिटूनही जमतं. अम्मीला सांगितलं नाही कारण ती रात्रंदिवस तेच घेऊन बसली असती. आणि शेठला कळलं तर रंग न दिसणारा मास्टर तो कशाला ठेवेल? नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की आम्ही तिघं गावाला.

"तू आली नाहीस ना, तेव्हा पाचवा ड्रेस झाला आणि निळं रीळ संपलं," ते म्हणाले. "शेल्फावर त्याच्याच शेजारी दुसरं होतं. मी दिव्याखाली धरून बघितलं. मला तेच वाटलं."

मी म्हटलं, "कुणाला कळणार नाही आता. मी रोज येऊन बसेन, कॉलेज सुटलं की. मी सांगेन रंग. तुमचं काम तर पहिल्यासारखंच आहे."

"आणि परीक्षा असेल तेव्हा?"

"तेव्हा पण येईन."

"तुला मी इथे माझे डोळे करून बसवू?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "त्यासाठी आणलं का तुला इथे?"

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. नंतर म्हणाले, "निळं दे," आणि मी निळं दिलं. संध्याकाळपर्यंत एक ड्रेस झाला. पुढच्या दोन रविवारी उरलेले दोन. ते तीन दिवस आम्ही जितके जवळ बसलो तितके त्याआधी कधी बसलो नव्हतो, आणि मला ते संपूच नयेत असं वाटत होतं.

तयार ड्रेस पोचवायला मी जाणार होते. पण मंगळवारी अब्बा म्हणाले, "तू कॉलेजला जा. मी देऊन येतो." मी म्हटलं, तुम्हाला जागा सापडणार नाही. म्हणाले, "मेट्रोत विचारेन कुणाला. तोंड आहे ना मला."

तिथे काय झालं ते मला बाईंनीच नंतर सांगितलं. अब्बांनी आठही ड्रेस त्यांच्या हातात दिले आणि गेले नाहीत. दारातच उभे राहिले. मुली सराव करत होत्या, त्यांच्या बुटांचा आवाज चालू होता. बाईंना वाटलं, पैशांचं काही राहिलंय. मग अब्बा म्हणाले, "माय डॉटर नॉट फूल, मॅडम. शी नो ब्लू. माय आय नो गुड." आणि बोटानं आपले डोळे दाखवले.

हे वाक्य त्यांनी मेट्रोत बसून जुळवलं असेल. इतर कुठल्याही कामासाठी ते मला इंग्रजी विचारतात. हे एकच विचारलं नाही.

बाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी त्याच संध्याकाळी शेठला फोन केला. चांगल्या मनानंच केला, यात मला शंका नाही. असा माणूस तुमच्याकडे आहे, त्यानं चूक स्वतः कबूल केली, त्याच्या डोळ्यांचा नीट इलाज करा, मी ओळखीचा डॉक्टर देते, असं काहीसं त्या बोलल्या. शेठ 'येस मॅडम, नो प्रॉब्लेम मॅडम' म्हणाला असेल.

शेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं अब्बांना आठवडाभर काही म्हटलं नाही. मग चहा मागवून समोर बसवलं. म्हणाला, "मास्टर, इक्कीस साल हो गए. अब घर जाके आराम करो." अब्बांचा हिशोब त्यानं चोख केला, तिकिटं काढून दिली, आणि ते निघाले त्या दिवशी दुकान अर्धा तास बंद ठेवलं. भिंतीवरचा माझा फोटो अब्बांनी स्वतः काढून घेतला. कोपरा फाटला.

अम्मीला सगळं कळलं तेव्हा ती अब्बांवर नाही, माझ्यावर भडकली. "तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस?" मी म्हटलं, मला पण तीनच आठवडे माहीत होतं. ती म्हणाली, "तीन आठवडे म्हणजे काय थोडे झाले?" मग तिनं भांडी बांधायला घेतली.

धावपळ केल्यावर माझा व्हिसा कॉलेजमार्फत झाला, म्हणून मी राहिले. आता दुबईतच, देरा भागात अब्बांच्या चुलत बहिणीच्या खोलीत राहते. चार बायकांमध्ये माझा वरचा पलंग आहे. अब्बा आणि अम्मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेले. विमानतळावर अब्बांनी एकच सांगितलं, वर्ष पुरं कर. मी हो म्हटलं. आणखी पुष्कळ विचारायचं होतं. तुम्ही का सांगितलंत? त्या बाई आपल्या कोण होत्या? त्यांनी मला मूर्ख समजलं असतं तर काय बिघडलं असतं? मी आयुष्यभर मूर्ख राहिले असते. दोन वर्षांत मला नोकरी लागली असती, मग तुम्ही आपणहून सोडलं असतं, हसत गेला असता. हे सगळं मी मनात किती वेळा बोलले. तिथे मात्र बॅगेचं वजन जास्त भरलं आणि आम्ही तिघं जमिनीवर बसून लोणच्याच्या बाटल्या बाहेर काढत राहिलो.

बाईंनी मला माफीचा लांब मेसेज पाठवला होता. सणाचं आमंत्रणही दिलं. मी गेले नाही. मेसेजला उत्तरही बरेच दिवस दिलं नाही, शेवटी 'थँक यू मॅडम' एवढंच लिहिलं. त्यांची चूक नव्हती हे मला कळतं. पण त्यांच्याशी बोलायला गेले की मला दारात उभे राहिलेले अब्बा दिसतात.

सणाच्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला. आठ मुली एका रांगेत, हात सरळ खाली, एक पाय पुढे. केशरी शेले वाऱ्यानं थोडे उडालेले. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. कुठले तीन ड्रेस उसवलेले ते मला ओळखता आलं नाही. ते तीन मी माझ्या हातांनी बाजूला केले होते, तरी आलं नाही.

त्या संध्याकाळी गावाहून फोन आला. मी फोटोचं सांगितलं.

"पाठवू नको," अब्बा म्हणाले. "तूच सांग. आठही सारखे दिसतात?"

"आठही."

"नक्की?"

"नक्की, अब्बा."

 मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तू सांगतेस म्हणजे असतील," ते म्हणाले. मग त्यांनी फोन अम्मीकडे दिला, आणि अम्मी विचारायला लागली की मी जेवले का.